केए पंचवीस आणि आत्तींचे शब्द

फोन आला तेव्हा मी कॉलेजमध्ये पेपर तपासत होते. सुहास, माझा नवरा, कामाच्या वेळी सहसा फोन करत नाही. त्यामुळे त्याचं नाव दिसताच हातातलं लाल पेन खाली ठेवलं. "आई गेली," तो म्हणाला, "दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या. चहा मागितला होता. आणून दिला तर..." मी तशीच निघाले. धारवाडहून हुबळीला पोचायला तास लागला. बाजारात आमच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलेलं होतं आणि पायरीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. शेजारचा कापडवाला, चहावाला, समोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले. मी जवळ गेले तर त्यांच्यातले दोघं हळू आवाजात वाद घालत होते, 'ऑकवर्ड' हा शब्द अक्कांनी आधी कुणाला सांगितला यावरून. चहावाला म्हणत होता मला, बसू नावाचा रिक्षावाला म्हणत होता मला. मला पाहून दोघं उभे राहिले. मला मात्र त्या क्षणी, एवढ्या दुःखातही, हसू आलं. आत्तींसाठी याहून चांगली श्रद्धांजली मला तरी सुचली नसती.

सासूबाईंना मी आत्ती म्हणायचे. अख्खा बाजार त्यांना अक्का म्हणायचा. नाव सुलोचना. माहेर कलघटगीचं. घरात मराठी, शाळेत कन्नड. दोन्ही भाषा त्या एकाच वाक्यात अशा काही बोलायच्या, की ऐकणाऱ्याला सांधा सापडायचा नाही. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाल्या आणि शिक्षण तिथंच थांबलं. गणितात मात्र वर्गात पहिल्या. शिक्षिका व्हायचं होतं, पण इंग्रजी सुटल्याशिवाय पुढचं दार उघडत नव्हतं. पहिल्यांदा नापास झाल्यावर मास्तरांनी त्यांचा पेपर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला होता, प्रत्येक चूक ठासून, आणि सगळा वर्ग हसला होता. हे त्यांनी मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं. तेव्हाही त्या मास्तरांना नाव ठेवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्या दिवसापासनं इंग्रजी दिसलं की माझं तोंड आपोआप मिटायचं बघ."

लग्न होऊन त्या हुबळीला आल्या ते भांड्यांच्या दुकानात. सासऱ्यांचे आजोबा इचलकरंजीकडून इकडं आले आणि त्यांनी हा धंदा सुरू केला. दुकानात भांड्यांवर नावं घालायचं काम म्हातारे मामंजी, म्हणजे आत्तींचे सासरे, करायचे, छिन्नी-हातोडीनं, ठिपक्याला ठिपका जोडत. त्यांची नजर मंदावली तेव्हा त्यांनी हत्यार सुनेच्या हातात दिलं. पुढं विजेचं पेन आलं, ते कर्कश वाजायचं, पण आत्तींचं अक्षर त्यातही सुरेख उतरायचं. कन्नड आणि मराठी नावं त्या वाचून घालायच्या. इंग्रजी मात्र वाचायच्या नाहीत. गिऱ्हाइकानं चिठ्ठीवर जे लिहून दिलं असेल ते अक्षरामागून अक्षर जसंच्या तसं उतरवायच्या, चित्र काढावं तसं. एकदा लग्नाची बारा ताटं आली. चिठ्ठीवर नावाच्या वर, दोन रेघा मारून, 'अर्जंट' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. आत्तींनी ते नावाचाच भाग समजून बाराही ताटांवर घातलं, दोन रेघांसकट. गिऱ्हाईक संतापलं, मामंजींनी त्याला दुसरी ताटं दिली, आणि ती बारा ताटं आमच्या घरात आली. आजही आम्ही त्यांतच जेवतो. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी माझ्यापुढं अर्जंट लिहिलेलं ताट आलं. मला वाटलं, या घरात जेवण भरभर उरकायची पद्धत असावी.

मी इंग्रजीची एम. ए. धारवाडच्या शिक्षकांच्या घरातली मुलगी, कॉलेजात इंग्रजीच शिकवणारी. आमचं पहिलं वर्ष-दीड वर्ष फार अवघड गेलं. मी सकाळी इंग्रजी पेपर उघडला की आत्ती उठून आत जायच्या. माझ्या मैत्रिणी आल्या की चहा ठेवून दिसेनाशा व्हायच्या. मला वाटायचं, नोकरी करणारी सून यांना नको होती. त्यांना वाटायचं, ही शिकलेली मुलगी आपल्याला मनातल्या मनात हसत असणार. दोघी एकाच ओट्यापाशी उभ्या राहून मीठ, तिखट, पाणी एवढ्याच शब्दांत संसार चालवत होतो. सुहास मधल्या मध्ये. तो दुकानात जायचा आणि उशिरा यायचा.

एक दिवस धारवाडला माझ्या आईकडं हळदीकुंकवाला दोघी निघालो होतो. रायापूरजवळ बस बंद पडली. कंडक्टर म्हणाला, मागची येईल, उतरा. आम्ही रस्त्याकडेला एका दगडावर बसलो. ऊन होतं. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की आत्ती जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडं बघताहेत आणि उजव्या हाताच्या बोटानं डाव्या तळव्यावर काहीतरी गिरवताहेत. मी विचारलं, "काय करताय आत्ती?" त्या दचकल्या. हात पदराखाली घेतला. मग, कदाचित दुसरं काही बोलायला नव्हतं म्हणून, म्हणाल्या, "काही न्हाई गं. आपल्याकडच्या सगळ्या गाड्यांवर के आणि ए असतंयच. पुढं आणि दोन अक्षरं असत्यात. आत्ता गेली त्याच्यावर ई आणि टी होतं. मी म्हटलं, ह्या चौघांचं मिळून काही होतंय काय... 'टेक' होतंय. घे म्हणायला टेकच न्हवं?"

आमच्या जिल्ह्याच्या गाड्यांचा नंबर केए पंचवीसनं सुरू होतो. मी जन्मापासून तो बघत आले होते, पण त्यात शब्द असतो हे मला कधी सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "टेक बरोबर आहे. मधे आणखी अक्षरं घातली तर चालतील का?" त्यांनी विचार केला. "चालतील की. पण ही चारी त्यात पायजेत. मागं-पुढं कशीबी." मी म्हटलं, "मग मार्केट." त्यांनी तळव्यावर एकेक अक्षर लिहून बघितलं, के आहे का, ए आहे का, आणि अशा हसल्या की मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग मी 'बास्केट' म्हटलं. तेही त्यांनी तपासून घेतलं. मागची बस आली, थांबली, तिच्यात जागा होती. आत्ती म्हणाल्या, "जाऊ दे की ही. पुढची येईल." आम्ही हळदीकुंकवाला पोचलो तेव्हा वाण संपलं होतं.

त्या दिवसापासून सुरू झालेला हा खेळ एकवीस वर्षं चालला. नियम आत्तींचे. पाटीवरची सगळी अक्षरं शब्दात आली पाहिजेत. शब्दाचा अर्थ ठाऊक पाहिजे, नुसतं डिक्शनरीत आहे म्हणून चालणार नाही. आणि सापडलेला शब्द त्याच दिवशी बोलताना एकदा तरी वापरायचा. या तिसऱ्या नियमानं आमच्या घरात धमाल उडवली. सरकारी बसवर के आणि एच्या पुढं एकटं एफ असतं, आणि बस तर दिवसभर दिसते, तेव्हा त्या तीन अक्षरांचे शब्द त्यांना कमी पडायचे. 'फेक' झाला, 'फ्लास्क' झाला. मग एक दिवस उडप्याच्या हॉटेलची पाटी वाचून त्या भर रस्त्यात थांबल्या. त्यांना 'ब्रेकफास्ट' सापडला होता. तो त्यांनी एकटीनं शोधलेला पहिला मोठा शब्द. घरी येऊन सुहासला म्हणाल्या, "उद्यापासनं नाष्टा बंद. ब्रेकफास्ट मिळंल." 'ऑकवर्ड' मिळाला तेव्हा आठवडाभर त्यांना कशानंही ऑकवर्ड व्हायचं. दूध नासलं तरी ऑकवर्ड, पाव्हणे आले तरी ऑकवर्ड.

सुहासला हे सगळं पोरकट वाटायचं. "गिऱ्हाईक उभं असतंय आणि आई रस्त्यावरच्या गाड्या वाचतीय," असं तो मला म्हणायचा. पण बाजारानं खेळ उचलला. समोरच्या स्टँडवरचा बसू, म्हणजे बसवराज, सहावीत शाळा सोडलेला, सकाळी रिक्षा लावली की पायरीवर येऊन विचारायचा, "इवत्तिन पद येन्री अक्का?" आजचा शब्द कोणता. दिवसभर शहरात फिरताना तो अवघड पाट्या हेरून ठेवायचा आणि संध्याकाळी अक्कांपुढं टाकायचा. शब्द नाही सुचला तर आत्ती माझी वाट बघत बसायच्या. मी धारवाडहून येऊन चप्पल काढायच्या आत अक्षरं कानावर यायची. मला सुचला नाही तर त्यांना जास्त आनंद व्हायचा. "एम. ए. ला बी येत न्हाई," असं त्या बसूला अभिमानानं सांगायच्या. आणि भांडी गुंडाळायला आणलेल्या रद्दीतले इंग्रजी कागद त्या आता बाजूला काढून ठेवू लागल्या होत्या. चष्मा लावून, बोट फिरवत, मनातल्या मनात वाचायच्या. मोठ्यानं मात्र कधीच नाही. शब्द सांगायचा झाला तरी त्या पुष्कळदा अक्षरंच सांगायच्या आणि उच्चार माझ्यावर सोडायच्या.

त्यामुळं लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेच्या सभागृहात एका महिला मंडळानं इंग्रजी शब्दांची स्पर्धा ठेवली तेव्हा मी आत्तींचं नाव परस्पर देऊन आले, यात माझी चूक होती. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "लिहायचंच हाय न्हवं? बोलायचं न्हाई?" मी म्हटलं, नाही, नुसतं लिहायचं. मला तेवढंच ठाऊक होतं.

फळ्यावर नऊ अक्षरं लिहिली होती. जी, ए, एन, आर, व्ही, आय, ई, आणखी एक एन, आणखी एक जी. इथं बाहेरचं अक्षर घ्यायचं नाही, या नऊंतूनच जितके होतील तितके शब्द करायचे, पंधरा मिनिटांत. साठ-सत्तर बायका आणि कॉलेजच्या मुली माना खाली घालून लिहीत होत्या. त्यांच्यात नऊवारी नेसलेल्या आत्ती, डाव्या तळव्यावर बोटानं गिरवून मग कागदावर उतरवणाऱ्या. वेळ संपली, कागद गोळा झाले, आणि परीक्षक म्हणाले की पहिल्या पाच जणींनी पुढं येऊन आपला कागद घ्यावा आणि शब्द माइकवर वाचावेत. पाचात आत्तींचं नाव होतं. त्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं... ती नजर मी विसरणार नाही. मला वाटलं, त्या आता सरळ दारातून बाहेर जातील.

त्या गेल्या पुढं. 'रिंग' वाचला. 'ग्रेन' वाचला. 'जिंजर' आणि 'विनेगर' जरा अडखळत वाचले. 'रेन' वाचला, पावसाचा. मग एका शब्दाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "रे-ईग्न." मागच्या ओळींतून हसू फुटलं आणि पसरत गेलं. मी खुर्चीतून अर्धी उठले. कलघटगीचा तो वर्ग त्यांच्यासमोर उभा राहिला असणार हे मला कळत होतं आणि मीच त्यांना तिथं नेऊन उभं केलं होतं.

त्यांनी कागद खाली घेतला, परीक्षकांकडं वळल्या आणि माइकवरच विचारलं, "स्पेलिंग सरि ऐतेनरी?"

"सरि ऐतरी," परीक्षक म्हणाले. "राज्य करणे या अर्थाचा शब्द. स्पेलिंग अगदी बरोबर."

"मग तोंड तेवढं चुकलं," आत्ती म्हणाल्या. "कसं म्हणायचं ते सांगा. परत म्हणते."

"रेन."

आत्तींनी कागदावर पाहिलं. "रेन तर मी आत्ताच वाचला की, पावसाचा. ह्यो बी रेनच?"

"हो, दोन्ही रेनच."

"अक्षरं येगळी, अर्थ येगळा, आणि तोंडानं एकच? मग हसायचं तर इंग्रजीला हसा की. मला कशाला हसताय?"

सभागृह पुन्हा हसलं, पण ते हसणं वेगळं होतं. टाळ्या पडल्या, परीक्षक स्वतः टाळ्या वाजवत होते. आत्तींनी उरलेले शब्द खड्या आवाजात वाचले. त्यातले दोन पुन्हा चुकले आणि त्यांनी दोन्ही वेळा परीक्षकांना विचारून दुरुस्त केले, आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला नाव विचारावं तितक्या सहज. त्यांचा तिसरा नंबर आला. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा दिला. खुर्चीत येऊन बसल्या, डबा उलटासुलटा केला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "अगं, हा आपल्याच दुकानातला. गेल्या सोमवारी तीन डबे घेऊन गेले होते. ही अक्षरं मीच घातल्यात." झाकणावर इंग्रजीत 'थर्ड प्राइझ' होतं. ते घालताना त्यांनी अर्थासकट वाचलं होतं, पण कुठल्या स्पर्धेचं ते विचारलं नव्हतं.

बाहेर पडून आम्ही चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी घेतली. खाता खाता त्यांनी विचारलं, "नऊच्या नऊ अक्षरांचा एक शब्द होता म्हणे. दोघींनाच आला. परीक्षकानं सांगितला तेव्हा मला नीट ऐकू आला न्हाई." मी म्हटलं, "एन्ग्रेव्हिंग." त्यांनी तळव्यावर नऊ अक्षरं लिहिली, एकही उरलं नाही. "म्हणजे काय?" मी त्यांच्या मांडीवरचा डबा उचलला आणि झाकणावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे. तुम्ही करता ते. भांड्यावर नाव घालणं."

त्यांनी झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हसायला लागल्या. गिरमिटाचा द्रोण हातात हलायला लागला तसा मी तो काढून घेतला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "चाळीस वर्षं सगळ्यांची नावं घातली मी," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या कामाचं नाव आज कळलं. तेबी सापडलं न्हाई मला. फळ्यावर होतं की गं समोर." दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ही गोष्ट सांगितली. पुढं कितीतरी दिवस कुणी भांडं घेऊन आलं की त्या विचारायच्या, "एन्ग्रेव्हिंग करायचं न्हवं?" आणि माणूस गोंधळला की खूश व्हायच्या. माझ्या मैत्रिणी आल्या तर आता त्या चहा घेऊन आमच्यातच बसायच्या. इंग्रजी बोलल्या नाहीत फारशा, पण एखादा शब्द कानाला नवा लागला की हात वर करून थांबवायच्या, "स्पेलिंग सांगा." माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेला त्यांनी असं तीनदा थांबवलं आणि तिसऱ्या वेळी तिला स्पेलिंग आलं नाही.

शेवटची दोन वर्षं गुडघ्यांनी त्यांना दुकानाच्या दारातल्या खुर्चीशी बांधून ठेवलं. हात कापायला लागला तसं पेनही सुटलं. नावं घालायला सुहासनं कॉम्प्युटरवरचं मशीन आणलं. आत्तींनी त्याला नावं ठेवली नाहीत. त्यातून निघालेली अक्षरं भिंगानं तपासायच्या आणि "बरं हाय" म्हणायच्या. गाड्या समोरून जातच होत्या. दिसायचं कमी झालं तेव्हा बसू मोठ्यानं पाट्या वाचून दाखवायचा. त्या गेल्या त्या दिवशी सकाळीही, तो सांगतो, त्यांनी त्याच्याकडून दोन पाट्या वाचून घेतल्या होत्या. एकीचा शब्द सांगितला. दुसरीचा चहा घेऊन सांगते म्हणाल्या.

परवा रविवारी दुपारी मी दुकानात बसले होते. आता सुट्टीच्या दिवशी मी जाते, त्यांची खुर्ची सुहासनं अजून हलवलेली नाही. बसूनं नवीन रिक्षा घेतली. हार घालून, पेढे घेऊन तो पायरीशी आला. रिक्षा दुकानाच्या अगदी तोंडाशी आणून लावली, पाटी आमच्याकडं करून. केए पंचवीस, मग एन, डी. "मॅडम, पद हेळ्री," तो म्हणाला. "शब्द सांगा. अक्का असत्या तर पेढ्याला हात लावायच्या आधी सांगितला असता."

मला पहिल्यांदा सुचला तो 'किडनॅप'. बोलूनही गेले. बसूला तो शब्द ठाऊक होता. "रिक्षावर किडनॅप? पोलीस धरतील की मॅडम." चहावाला आला, कापडवाला आला. मी 'डार्कन' म्हटलं, अंधार करणे. बसूनं मान हलवली, नव्या गाडीला अंधार नको. आम्ही चौघं पायरीवर बसून पाटीकडं बघत राहिलो. कुणाला काही सुचेना. पेढे तसेच उघडे होते.

"हँडशेक," आतून आवाज आला.

सुहास गल्ल्यावर पावती लिहीत होता. त्यानं मान वर केली नव्हती. आम्ही सगळे वळून त्याच्याकडं बघायला लागलो तेव्हा तो जरा लाजला. "बघा तपासून," म्हणाला. बसूनं बोटांवर मोजलं. के, ए, एन, डी... चारी होती. मग त्यानं अर्थ विचारला. नियमच तसा होता.

"सांगून काय, करूनच दाखवतो," सुहास म्हणाला आणि गल्ल्यावरून उठून बाहेर आला. बसूनं पेढ्याचा हात शर्टाला पुसला आणि पुढं केला.